इन्सुलिनची बाटली ४० ची, सिरिंज केशरी टोपणाची: अंगात नेमकं किती जातंय?

गिरणाकाठ (भडगाव)

राम राम मंडई. वडिलांना (आम्ही आबा म्हणतो, वय ६८) ३०/७० मिश्र इन्सुलिन चालू आहे. सकाळी १८, रात्री १० युनिट. बाटली १० मिलिची, लेबलवर "४० आययू प्रति मिलि" लिहिलंय (आययू म्हणजे युनिट). दीड महिन्यापूर्वी मेडिकल बदललं. आधी लाल टोपणाची सिरिंज मिळायची, आता केशरी टोपणाची मिळते. दुकानदार म्हणतो, "दोन्ही इन्सुलिनच्याच, काही फरक नाही."

उपाशीपोटीची साखर पूर्वी १३०-१४० असायची, आता २४० च्या खाली येत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सकाळचा डोस २४ केला. रात्रीचा १० च आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली: बाटली पूर्वी पंधरवड्यात संपायची, आता महिना उलटला तरी तळाशी शिल्लक असते.

लाल आणि केशरीत फरक आहे का? असेल तर उद्यापासून लाल आणून २४ भरायचं का? आबा रोज विचारतात, "आते कितलं भरानं?"

औषधवाला (भुसावळ)

फरक आहे, आणि मोठा आहे. पण आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: लाल सिरिंज आणून थेट २४ भरू नका. कारण खाली येतंच.

लाल टोपण म्हणजे यू-४० सिरिंज, एका मिलिमध्ये ४० युनिट धरून रेघा मारलेली. केशरी टोपण म्हणजे यू-१००, एका मिलिमध्ये १०० युनिट धरून. सिरिंजला आत कोणतं इन्सुलिन आहे हे कळत नाही. ती फक्त जागा मोजते, आणि युनिटच्या रेघा त्या ताकदीचं इन्सुलिन आत असेल तरच खऱ्या ठरतात.

तुमच्या बाटलीत एका मिलिला ४० युनिट. केशरी सिरिंजवर १८ ची रेघ म्हणजे ०.१८ मिलि. ०.१८ गुणिले ४० म्हणजे ७.२ युनिट. रात्रीच्या १० चे झाले ४ युनिट. दिवसाला २८ ऐवजी ११.२ जात होते. बाटलीचा हिशोबही इथेच जुळतो: १० मिलिच्या बाटलीत ४०० युनिट. रोज २८ गेले तर १४ दिवस, रोज ११.२ गेले तर ३५ दिवस. बाटली अचानक अडीचपट पुरायला लागली की सिरिंज बदलली आहे का ते आधी बघावं.

आता २४ बद्दल. सध्या केशरीवर २४ भरता तेव्हा जातात ९.६ युनिट. डॉक्टरांनी आकडा वाढवला तो "१८ पुरत नाहीत" असं समजून. प्रत्यक्षात १८ कधी गेलेच नव्हते. उद्या लाल सिरिंजवर २४ भरले तर खरे २४ जातील, म्हणजे आजच्या अडीचपट, आणि ज्या १८ वर साखर नीट होती त्याहूनही ६ जास्त. ६८ वर्षांच्या माणसाची साखर एकदम खाली जायला एवढं पुरे. डॉक्टरांना आजच फोन करा आणि नेमकं हेच वाक्य सांगा: "दीड महिना ४० ची बाटली १०० च्या सिरिंजने दिली, खरे डोस सकाळी ७ आणि रात्री ४ युनिटच्या आसपास होते, शेवटचा आठवडाभर सकाळचा डोस साडेनऊ युनिट." नवा आकडा तेच ठरवतील. जाताना बाटली आणि वापरलेल्या सिरिंजचं पाकीट दोन्ही सोबत न्या.

उलटी चूक याहून वाईट. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज: १८ च्या रेघेवर ०.४५ मिलि येतं, म्हणजे ४५ युनिट. थेट अडीचपट. ग्लार्जिनसारख्या (सावकाश काम करणारं एक इन्सुलिन) काही बाटल्या १०० च्या असतात, आणि इन्सुलिन पेनमध्ये (पेनासारखं टोचायचं साधन) बसणारी ३ मिलिची कार्ट्रिज, म्हणजे औषधाची नळकांडी, तर १०० चीच (एकात ३०० युनिट). पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने औषध ओढणं हा घराघरातला जुगाड आहे. तो कृपया करू नका.

आणि हो, ३०/७० ही ताकद नाही. ते मिश्रणाचं प्रमाण आहे: ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के सावकाश करणारं. ताकद म्हणजे "आययू प्रति मिलि" पुढचा आकडा. दुकानात मागताना "३०/७० ची सिरिंज द्या" म्हणू नका, "यू-४० सिरिंज, लाल टोपण" म्हणा. आणि टोपणाच्या रंगावर विसंबून राहू नका, नळीवर "यू-४०" छापलेलं वाचा. टोपण हरवतं, दुसऱ्याचं बसतं. छापलेला आकडा तसा बदलत नाही.

पाटचारी (यावल)

एवढं टेन्शन कशाला? केशरीच असेल तर अडीचने गुणायचं. १८ गुणिले अडीच म्हणजे ४५ च्या रेघेपर्यंत भरायचं. आणि लाल मिळालीच नाही तर साधी २ मिलिची सिरिंज आहेच, १ मिलि म्हणजे ४० युनिट.

सिस्टर (शहादा)

पाटचारीभाऊ, गुणाकार बरोबर आहे, पण घरात रोज हा हिशोब चालवणं धोक्याचं. सकाळी सून भरते, रात्री नातू भरतो. एकाने गुणलं, दुसऱ्याने नाही गुणलं, की रोजचा डोस कमीजास्त. त्यातून एके दिवशी लाल सिरिंज घरात आली आणि सवयीने ४५ भरायला गेलं तर? लाल सिरिंज ४० लाच संपते म्हणून तिथे अडेल. पण रात्रीचे १०, गुणून २५, तेवढे मात्र लालमध्ये आरामात बसतात. एखाद्या रात्री लाल मिळत नसेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून, आकडा कागदावर लिहून घेऊन, त्या एका वेळेपुरतं करा. पद्धत म्हणून नको.

२ मिलिच्या सिरिंजचं तर बिलकुल नको. तिच्यावर लहान रेघ ०.१ मिलिची. ४० च्या इन्सुलिनमध्ये एक रेघ म्हणजे ४ युनिट. १८ युनिट म्हणजे ०.४५ मिलि, चार रेघा आणि पाचवीचा अर्धा भाग. तो अर्धा भाग डोळ्याने ठरवायचा, म्हणजे युनिट-दोन युनिटची चूक रोजची.

दुसरं कारण सुईच्या बुडाशी असलेल्या मोकळ्या जागेचं. इन्सुलिन सिरिंजला सुई कायमची जोडलेली असते, दट्ट्या पूर्ण खाली गेला की जवळजवळ काही उरत नाही. साध्या सिरिंजला सुई वेगळी बसवतात. त्या जोडात आणि सुईत साधारण ०.०७ ते ०.१ मिलि औषध अडकून राहतं. एकच इन्सुलिन असेल तर ते फक्त वाया जातं, कारण रेघेने मोजलेलं अंगात जातं आणि अडकलेलं मागे राहतं. पण दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये ओढली की हिशोब बिघडतो. आधी पारदर्शक (लवकर काम करणारं) ओढलं तेव्हा त्या जागेतही पारदर्शकच भरलं. मग दुधी (सावकाश करणारं) ओढताना ते नळीत सरकतं. म्हणजे पारदर्शक ३-४ युनिट जास्त आणि दुधी तेवढंच कमी. एकूण रेघ मात्र बरोबर दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

सिरिंज निवडताना सोपा नियम: डोस जिच्यात मावतो त्यातली सर्वात लहान घ्या. नळी बारीक तेवढ्या रेघा लांब लांब, आणि वाचायला सोपं. यू-१०० च्या १ मिलिच्या सिरिंजवर सहसा एक रेघ २ युनिटची असते, अर्धा मिलिच्या सिरिंजवर १ युनिटची. एकाच कंपनीच्या दोन मापांत रेघेची किंमत वेगळी निघते. म्हणून नवं पाकीट फोडलं की पहिल्यांदा दोन छापील आकड्यांमध्ये किती घरं आहेत ते मोजायचं. साध्या ५ मिलिच्या सिरिंजवर एक रेघ ०.२ मिलिची असते. ती ०.१ समजून औषध दुप्पट दिलं जातं, हे वॉर्डातही घडतं.

सुईचा आकडा उलटा चालतो: गेज मोठा तेवढी सुई बारीक. इन्सुलिनला ३० किंवा ३१ गेज, लांबी ६ किंवा ८ मिमी. सुई ८ मिमीची असेल तर कातडीची चिमटी धरून टोचा, बारीक माणसाला चिमटीशिवाय ती स्नायूत जाते आणि इन्सुलिन लवकर उतरतं. पेनची सुई ४ मिमीची असेल तर बहुतेकांना चिमटीची गरज नसते.

गिरणाकाठ (भडगाव)

डॉक्टरांशी बोललो. त्यांनी पुन्हा १८ आणि १० सांगितले, यू-४० सिरिंजने, आणि पहिले चार दिवस रोज चार वेळा साखर तपासायला सांगितली. आता भरायची पद्धतही एकदा नीट सांगा. आमच्याकडे बाटली हलवून थेट ओढतात.

औषधवाला (भुसावळ)

बरं झालं. आता भरण्याबद्दल.

बाटली खळखळ हलवू नका. फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे सिरिंजमध्ये येतात. दोन तळव्यांमध्ये आडवी धरून दहा वेळा लाटायची, मग दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची. सगळं एकसारखं दुधी दिसलं पाहिजे. तळाशी पांढरा थर असताना ओढलं तर वरचं पातळ, लवकर काम करणारं जास्त येतं आणि सावकाश काम करणारं तळाशी राहून जातं. असं रोज होत राहिलं तर त्याच बाटलीचे शेवटचे डोस पहिल्यांपेक्षा वेगळे वागतात. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला आतून बर्फाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर बाटली टाकून द्या.

रबरी बुच स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि वाळू द्या. १८ युनिट घ्यायचे तर आधी १८ च्या रेघेपर्यंत हवा ओढा आणि ती बाटलीत सोडा. हे टाळलं तर आत पोकळी तयार होते, दट्ट्या मागे खेचला जातो आणि बुडबुडे येतात. बाटली उलटी करा, सुईचं टोक औषधात बुडालेलं ठेवा, २०-२२ पर्यंत ओढा, नळीला बोटाने टिचकी मारा, बुडबुडे वर गेले की बाटलीतच परत ढकलून १८ वर आणा. बारीक बुडबुडा कातडीखाली गेला तर त्रास होत नाही. त्याचं नुकसान वेगळं: त्याने जेवढी जागा अडवली तेवढं औषध कमी. दोन रेघांएवढा बुडबुडा म्हणजे दोन युनिट कमी.

वाचायचं कुठे? दट्ट्याच्या काळ्या रबराला दोन कडा असतात. सुईकडची कड, जिथे रबर नळीच्या भिंतीला टेकतं, ती रेघेवर आली पाहिजे. मोठ्या सिरिंजमध्ये रबराला मध्ये टोक असतं, त्या टोकावर वाचू नका. सिरिंज डोळ्यासमोर, उजेडाकडे धरा. खालून बघितलं तर एक आकडा दिसतो, वरून बघितलं तर दुसरा.

पोटावर टोचताना बेंबीपासून चार-पाच सेंटीमीटर सोडून, आणि रोज दोन बोटं जागा सरकवत जा. त्याच जागी टोचत राहिलं की चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंटला तीच जागा बरी वाटते, पण गाठीतून औषध कधी उतरतं, कधी उतरत नाही. दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढा.

घाम, थरथर, एकदम भूक, बडबड किंवा गोंधळ दिसला तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन सपाट छोटे चमचे, पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मिश्र इन्सुलिनमधला सावकाश भाग बराच वेळ काम करत राहतो, म्हणून एक ग्लास सरबत देऊन झोपवू नका, जेवण द्या आणि लक्ष ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

चिठ्ठीवर "18U" असं लिहून देतात तेही थांबवा. घाईतला "U" शून्यासारखा दिसतो आणि १८ चे १८० वाचले जातात. डॉक्टरांना "युनिट" असा पूर्ण शब्द लिहायला सांगा, ते रागावत नाहीत.

केळीबाग (रावेर)

विषय थोडा वेगळा, पण मापाचाच आहे. मुलगी १० किलोची. तापाचं पॅरासिटामॉल घरात तीन तऱ्हेचं आहे: ड्रॉप्सची छोटी बाटली, १२५ चं सिरप आणि २५० चं सिरप. प्रत्येक वेळी "एक चमचा" देतात. चुकतंय का?

औषधवाला (भुसावळ)

चुकतंय. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं: किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. १० किलोला वरच्या टोकाला १५० मिग्रॅ.

हे १५० मिग्रॅ तुमच्या तीन बाटल्यांत असे येतात: ड्रॉप्स १ मिलिला १०० मिग्रॅ असतील तर दीड मिलि. ५ मिलिला १२५ मिग्रॅच्या सिरपचे ६ मिलि. ५ मिलिला २५० मिग्रॅच्या सिरपचे ३ मिलि. ड्रॉप्सची बाटली सिरपसारखी समजून ६ मिलि दिले तर ६०० मिग्रॅ जातात, म्हणजे अख्ख्या दिवसाचा साठा एका घोटात. पालक फसतात ते इथेच: छोटी बाटली म्हणजे "सौम्य, बाळाचं औषध" असं वाटतं. खरं तर तिच्यात तेच औषध जास्त घट्ट असतं, कारण तान्ह्याला थोड्याच मिलित पुरं पडावं. लेबलवर मिग्रॅचा आकडा "प्रति मिलि" आहे की "प्रति ५ मिलि" हे पहिल्यांदा वाचा. आणि सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा.

घरातला चमचा माप नव्हे. चहाचा चमचा घरागणिक ३ मिलिचाही निघतो आणि ७ चाही. बाटलीवरचं मापी झाकण ५ मिलिला ठीक, पण ३ मिलिला त्यात अंदाजच होतो. ५ मिलिची तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या, तिला सुई बसतच नाही. नाहीच मिळाली तर नवी साधी सिरिंज चालेल, पण सुई आणि टोकावरचं बारीक टोपण दोन्ही आधी काढून फेका, ते टोपण मुलाच्या घशात अडकतं. मूल बसतं धरून गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, सरळ घशात पिचकारी मारू नका. एका कंपनीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत वापरू नका, थेंबाचा आकार आणि रेघा दोन्ही वेगळ्या असतात.

पावडरच्या अँटिबायोटिकबद्दलही सांगून टाकतो, विचारलं नसलं तरी. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत भरून हलवलं की पातळी खाली जाते, लोक घाईत तशीच ठेवतात आणि औषध घट्ट बनतं. प्रत्येक डोसआधी हलवा. किती दिवस चालतं आणि फ्रीज लागतो का, हे त्याच बाटलीच्या लेबलवर बघा.

सातपुडा_एएनएम (धडगाव)

साठवणीचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि सिरिंज कितीही बरोबर असली तरी तापलेल्या इन्सुलिनचा डोस बरोबर नसतो. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी फेकायचं. चालू बाटली खोलीत चालते, पण खोली २५-३० अंशांच्या आत हवी, आणि फोडल्यापासून साधारण चार आठवड्यांनी टाकायची. गिरणाकाठभाऊंची ३५ दिवस पुरणारी बाटली या हिशोबानेही चुकीचीच होती. फोडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा.

पाड्यावर फ्रीज नसेल तर मातीच्या माठाची युक्ती चांगली चालते. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरड्या प्लास्टिक डब्यात बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा आणि वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं म्हणून आतला गारवा टिकतो. पावसाळ्यात दमट हवेत हा माठ तेवढा गार होत नाही, पण तेव्हा बाहेरची उष्णताही कमी असते. बाटली थेट पाण्यात बुडवू नका, लेबल निघून जातं आणि मग ४० ची की १०० ची हे कळायला मार्ग राहत नाही.

एक विनंती. लसीकरणातल्या आपोआप लॉक होणाऱ्या सिरिंज कुणी घरी मागू नका. त्या एकाच ठरावीक मापाच्या असतात, दट्ट्या एकदा मागे ओढून दाबला की परत ओढला जात नाही. घरचा डोस मोजायला त्या निरुपयोगी.

वापरलेल्या सुयांना पुन्हा टोपण घालायला जाऊ नका, बोटाला टोचतं. जाड प्लास्टिकची, झाकणाची रिकामी बाटली (फिनाईलची चालते) घरात ठेवा, सुई टोचून झाली की थेट तिच्यात. पाऊण भरली की झाकण घट्ट करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. उकिरड्यावर किंवा केळीच्या पाचटात टाकू नका, मजुरांच्या तळपायात आणि गुरांच्या तोंडात जातात.

गिरणाकाठ (भडगाव)

लाल टोपणाची पेटी आणली. नळीवर यू-४० वाचलं, एक रेघ एक युनिटची आहे हेही मोजून पाहिलं. केशरीचं अर्धं पाकीट शिल्लक आहे, दुकानदार परत घेत नाही. त्याचं काय करू?

सिस्टर (शहादा)

घरात ठेवू नका. ज्यांच्या बाटलीवर १०० आययू लिहिलंय अशा कुणाला हवं असेल तर त्यांची बाटली डोळ्याने बघून, न फोडलेल्या सिरिंज द्या. नाही तर त्याच फिनाईलच्या बाटलीत.